मामांच्या तीनशे खुर्च्या

विद्यापीठाच्या सभागृहाची किल्ली एकतीस वर्षं एकाच शिपायाच्या कमरेला होती. सगळे त्यांना मामा म्हणत. कुलगुरू आले नि गेले, पण मामांच्या तीनशे खुर्च्यांची रांग कधी बोटभर हलली नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणायची आणि तिला धरून खुर्च्या लावायच्या. दुसरा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: माणूस बसलेली खुर्ची हलवायची नाही. एकदा पाहुण्यांची खुर्ची सरळ करायला गेले नि पाहुणे जमिनीवर! तेव्हापासूनची ही शपथ.

त्या सकाळी मामांनी खुर्च्या दोनदा पुसल्या. नोकरभरतीला मोठी कंपनी येणार होती आणि मुलाखतीच्या यादीत मामांच्या लेकीचं नाव तिसरं होतं. पहिल्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची त्यांनी तिच्यासाठी राखूनही ठेवली. एकदा पोरीला नोकरी लागली की गंगेत घोडं न्हालं.

याच कंपनीच्या कारखान्याने नदीत रसायन सोडलं म्हणून पोरं महिनाभर पत्रकं वाटत होती. यांची भरती आमच्या विद्यापीठात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. एक पत्रक लेकीच्या वहीतही निघालं होतं. मामांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

दहाला सभागृह भरलं. मामा नेहमीसारखे मागच्या दाराशी उभे राहिले. कंपनीचे साहेब माइकपाशी आले मात्र, सगळी पोरं एकदम उठली, आपापली खुर्ची फिरवली आणि साहेबांकडे पाठ करून गुपचूप बसली. खिडकीजवळची खुर्चीही फिरली.

भरतीचं काम बघणारे सर धावत आले. "मामा, बघताय काय? करा त्या खुर्च्या सरळ!"

"माणूस बसलेली खुर्ची मी हलवत नाही, सर."

"ही काय वेळ आहे नियम सांगायची?"

"आता उतारवयात कुठे नियम मोडू?"

एकतीस वर्षं मामांनी या सभागृहात माणसं पाहिली ती पाठमोरी. आज तीनशे तोंडं त्यांच्याकडे वळली होती. त्यांत लेक होती, ओठ घट्ट मिटून बसलेली. लहानपणी पेला फुटला की अशीच बघायची. मामांना रागवायचं होतं, पण जमेना. उलट अभिमानच वाटला, आणि तो लपवताही येईना. त्यांनी हळूच मान डोलावली. तशी ती हसली.

अर्ध्या तासाने साहेब रिकाम्या हाताने परतले. पोरांनी खुर्च्या पुन्हा फिरवून जागेवर लावल्या. लेक दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"नोकरी गेली ना गं?"

"ही गेली. दुसरी शोधीन. चिडलात, बाबा?"

"चिडलोय तर! तुझी खुर्ची बोटभर पुढे आलीय."

ती खुर्ची मागे घ्यायला वाकली, तर मामा दोरी गुंडाळत म्हणाले, "असू दे गं. आज तशीच असू दे."