बाईसाहेबांची वाळू

सगळी गल्ली त्यांना तोफ म्हणायची, आणि उगाच नाही. बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला गेले की आधी ती बिघडवणाऱ्यांची खरडपट्टी, मग हातात पाना. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उतरायचा, बाहेरच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे. टाकी बायकोची. ती गेली, आणि तिचा लाडका, बोटभर पिवळा मासा मागे राहिला. ती त्याला ‘बाईसाहेब’ म्हणायची. तेही तेच म्हणत, रोज बोलत बसत.

त्या दुपारी ते कामावरून आले आणि टाकीकडे बघतच राहिले. खडकांवरची प्रवाळं जागच्या जागी, पण खाली नुसती काच!

"वाळू कुणी काढली?"

"मी, बाबा," माहेरी आलेल्या मुलीचा नवरा हौसेने म्हणाला. "किती घाण साठली होती! प्रवाळाला वाळू लागतच नाही. बघा कसं लख्ख झालं."

झालं, तोफेला बत्ती! "लख्ख? जावईबापू, तुमचं डोकं लख्ख! उंटावरचे शहाणे कुठले! मला न विचारता हात लावलातच कसा?"

आरडाओरडा ऐकून मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. टाकीत डोकावली. "बाबा, पण बाईसाहेब कुठे..."

"तू मध्ये बोलू नकोस!"

जावयालाही चेव आला. कितीतरी लोक वाळूशिवाय टाकी ठेवतात, म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तर तोफ आणखी भडकली. लग्नातली उणीदुणी निघाली, व्याह्यांचा उद्धार झाला. चहा गार झाला तरी दोघांपैकी कुणी हटेना.

"अहो, प्रवाळाला नसेल लागत!" टेबलावर मूठ आपटून ते ओरडले. "बाईसाहेबांना लागते! रात्री वाळूत झोपतात त्या. आणि टाकीत कुणी परका हात घातला ना, की घाबरून सरळ वाळूत शिरतात आणि..."

ते तिथेच थांबले. टाकीत पिवळं काहीच नव्हतं.

"वाळू कुठाय?"

"बाल्कनीत. बादलीत," जावई पुटपुटला.

बादली उन्हात होती. त्यांनी ती फरशीवर पालथी केली, दोन्ही हातांनी वाळू उपसली. बाईसाहेब तळाशी सापडल्या. अंग अजून मऊ होतं. ओंजळीत घेऊन धावत त्यांना पाण्यात सोडलं, तर त्या कलंडून त्या लख्ख काचेवर पडल्या.

मुलगी टाकीपुढून त्यांच्याकडे वळली.

"मी तेच विचारत होते, बाबा. बोलू दिलंत मला?"