चौलच्या बोडक्या डोंगराची पाहणी

नववीच्या सहामाहीत मी प्रश्न घातला होता, "जमिनीची धूप म्हणजे काय?" एका मुलीने लिहिलं, "पेरणीआधी शेतकरी जमिनीची पूजा करून तिला धूप दाखवतो, त्यास जमिनीची धूप म्हणतात." शिक्षकांच्या खोलीत सगळ्या पोट धरून हसल्या, मीही हसले. पण बाकीच्या मुलींनी पुस्तकातलं वाक्य काना-मात्रेसकट उतरवलं होतं, आणि वाहून गेलेली जमीन त्यांच्यापैकी एकीनेही पाहिलेली नव्हती. खरं सांगायचं तर मीही पाहिलेली नव्हती.

साठच्या दशकाची सुरुवात होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी गिरगावातल्या मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मुलींना एखादं तोडलेलं जंगल प्रत्यक्ष दाखवावं, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही जाऊन या. पाणी, झोपायची जागा, दवाखाना, सगळं बघा. आणि मुली तिथे नेमकं काय शिकणार ते कागदावर लिहून आणा. ते पटलं तरच मी पालकांना पत्रं धाडीन."

आमच्या चित्रकलेच्या कुसुमताईंचे मामा चौलला राहत. त्यांची सुपारीची वाडी होती. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच पकडली. दीडेक तासात रेवस आलं, पण ओहोटी लागल्याने लाँच धक्क्याला लागेना. छोट्या होडीतून आम्हाला उतरवलं. मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतणारी एक कोळीण माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, "नेहमीच असं उतरावं लागतं का?"

"ओहोटी आसली का आसंच," ती म्हणाली. "माझ्या लहानपनी न्हवता एवरा गाळ. दर साली वाढतोच हाय."

"कुठून येतो?"

तिने हनुवटीनेच समोरचे डोंगर दाखवले. मी वहीत पहिली नोंद केली ती होडीतच.

रेवसहून एस.टी.ने अलिबाग, तिथे बस बदलून चौल. दोन्ही तिकिटं मिळूनही फार खर्च नाही, पण वेळ हाताशी ठेवावा, कारण दुसरी गाडी भरल्याशिवाय हलत नाही. स्टँडवरचा चहा आणि बटाटावडा मात्र वेळेवर मिळतो. अलिबाग सोडलं की रस्ता नारळी-पोफळींच्या सावलीतून जातो. कुसुमताई म्हणाल्या, "इथे कसली आलीय जंगलतोड? उगाच आलो आपण." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मामांनी झकास स्वागत केलं. वाडीत रहाट चालू होता, पाटातून पाणी खळाळत होतं. मामींनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. मुलींची सोय वाडीतल्या मोठ्या पडवीत होईल, दवाखाना रेवदंड्याला आहे, वगैरे सगळं ठरलं. पाण्याचं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "जानेवारीत या. पुढे येऊ नका. हल्ली होळीलाच विहिरीचा तळ दिसतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत आम्ही वाडीमागच्या डोंगराकडे निघालो. पाऊण तास चाललो आणि झाडी अचानक संपली. सबंध उतार बोडका होता. लाल मुरूम, उघडे पडलेले दगड, पाण्याने कापलेल्या घळी. मधे मातीने लिंपलेली कोळशाची भट्टी धुमसत होती. तिच्याजवळ कोयता घेऊन एक बाई उभी होती. आम्हाला बघताच तिने कोयता पाठीमागे लपवला.

"फारेस्टच्या हाव का?"

"नाही, आम्ही शिक्षिका. मुंबईच्या."

ती कातकरी होती, नाव बारकी. ती जरा निवली तशी मी वही उघडली. घरून प्रश्नावली तयार करून आणली होती. पहिला प्रश्न मी वाचून दाखवला, "तुम्ही लोक झाडं का तोडता?"

बारकीने माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी चहा कशावर करतेस, बाय?"

"शेगडीवर."

"कोळशाच्या?"

"हो."

"मंग?"

कुसुमताई दुसरीकडे बघू लागल्या. मी पेन्सिलीने तो प्रश्न खोडला, आणि म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

ती उताराने खाली चालू लागली. तिच्यामागे उतरताना माझ्या पायाखालचा मुरूम सुटला आणि मी बसल्या जागी दहा-बारा हात घसरत खाली गेले. लुगडं फाटलं, कोपर सोलवटलं. बारकीने मला दंडाला धरून उठवलं आणि पहिल्यांदाच हसली. कसलासा पाला चुरगळून तिने कोपराला लावला. मग शेजारीच वाकून दोन खुंट दाखवले. एक वीतभर उंच, तिरका कापलेला. त्याला मनगटाएवढे धुमारे फुटलेले. दुसरा जमिनीलगत छाटलेला, काळा, मेलेला.

"ह्यो माझ्या बापानं तोडला. ऐनाच्या झाडाचा हाय. असा तोडला का परत येतो. ह्यो आम्हीच तोडला, पन ठेकेदार म्हनला, बुडापास्नं घ्या, वजन जास्ती भरतं. आता न्हाय येनार."

"रान कुणाचं आहे हे?"

"तू उतरलीस न्हवं, त्या वाडीवाल्याचं."

परतताना आम्हा दोघींना एकच प्रश्न पडला. ज्यांच्या घरी जेवतो त्यांना हे विचारायचं कसं? पण संध्याकाळी मामांनी माझं सोललेलं कोपर पाहिलं आणि कुठे पडलात म्हणून विचारलं. मी जागा सांगितली. ते झोपाळ्यावर टेकले.

"थोरलीच्या लग्नाच्या वर्षी त्या उतारावरचं उभं रान ठेकेदाराला दिलं," ते म्हणाले. "सही करताना मला फक्त झाडं दिसली. माझ्या विहिरीचं पाणी त्याच डोंगरातून येतं, हे दोन उन्हाळे गेल्यावर कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलींना सांगा हे. माझं नाव घेऊन सांगा."

सकाळी निघण्याआधी मी पुन्हा भट्टीवर गेले आणि बारकीला विचारलं, मुलींना ते दोन खुंट दाखवशील का?

"मला लिवता-वाचता येत न्हाय."

"मला खुंट वाचता येत नाहीत."

"पोरी येतील, तवा बघू," ती म्हणाली. तेवढ्यावर मी गिरगावात परतले.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझा कागद दोनदा वाचला. "कोळसा पाडणारी बाई आपल्या मुलींना शिकवणार?" त्यांनी चष्मा काढून विचारलं. मी फाटलेल्या लुगड्यापासून सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा परत चढवला आणि सही केली. "पालकांनी विचारलं तर उत्तर मी देईन," एवढंच म्हणाल्या.

जानेवारीत बावीस मुलींना घेऊन गेले. तुम्ही आज तिकडे जाणार असाल तर सांगते, तो डोंगर एका सहलीने हिरवा झाला नाही. ठेकेदार इतरांच्या रानात तोडतच राहिला. मामांनी मात्र उरलेलं रान दिलं नाही, आणि फुटलेले धुमारे राखायला बारकीच्या नवऱ्यालाच ठेवलं. पुढे काही वर्षांनी गेले तेव्हा तेवढ्या पट्ट्यात सावली होती. विहीर होळीनंतरही महिनाभर टिकते, असं मामी म्हणाल्या. मला ते पुष्कळ वाटलं.

पण मी जपलंय ते त्या जानेवारीतलं. बारकी खुंटाशी उकिडवी बसून बोलत होती, मुली तिच्याभोवती दाटीने उभ्या होत्या. मी जरा मागे, वही घेऊन. एका मुलीने हात वर केला. "बाई, एक शंका आहे."

मी उत्तर द्यायला पुढे झाले. ती माझ्याकडे बघतच नव्हती.