बुखारी आणि बाळंतिणीची खोली

नव्वदच्या दशकाअखेर माझी पलटण काश्मीरच्या सरहद्दीवर होती. मी पुसेगावचा, माझा सोबती शेख युनूस जवळच्याच कुरुंद्याचा. बंकरात बुखारी असायची, म्हणजे रॉकेलवर जळणारी लोखंडी शेगडी. धूर पाइपातून बाहेर जायचा. युनूस तिला सासूबाई म्हणायचा. जवळ गेलं की भाजते, लांब गेलं की करमत नाही!

एका सकाळी शत्रूच्या तोफा सुरू झाल्या. पहिल्याच गोळ्यात खंदकात माझ्या शेजारच्या जवानाचा हात खांद्यापासून तुटला. मी जखम दाबून धरली. रक्त माझ्या बाहीत गोठलं. दुसऱ्या गोळ्याने बुखारीचा पाइप कापला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बंकरात युनूस एकटाच वायरलेसवर होता. खंदकातल्या सेटवरून मी त्याला हाक दिली.

"रिपोर्ट, ओव्हर."

"सब ओके, ओव्हर."

पुढच्या हाकेला उत्तर आलं नाही. गोळाबार थांबल्यावर मी दार ढकललं. थंडीमुळे त्याने फटीत घोंगडी कोंबलेली. बुखारी जळतच होती. सेटवर डोकं टेकून युनूस मेला होता. अंगावर ओरखडा नव्हता.

कापलेला पाइप पाहून डॉक्टर कॅप्टन म्हणाले, "गैस. इसकी बू भी नहीं आती."

मी बुखारी लाथेने दरीत लोटली. आणखी कुणावर राग काढणार?

त्याची शवपेटी घेऊन कुरुंद्याला मीच गेलो. गोळी कुठे लागली, असं त्याच्या अम्मीने विचारलं. मी खरं ते सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात रजेवर आलो, तेव्हा बहीण सुनीता माहेरी बाळंत झालेली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात आणि वारं लागू नये म्हणून खिडकी पोत्याने बुजवतात. भर दुपारी मी तिला हाका मारल्या. आतून कडी होती.

"निजली आसंल," आई म्हणाली.

मी कुऱ्हाड उचलली.

"काहून तोडून राहिलास? लेकराला वारं लागंल!" आईने माझा हात धरला. मी तिला ढकललं, ती ओसरीवर पडली. चौथ्या घावाला दार फुटलं. सुनीताला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. लेकरू लुळं पडलं होतं. त्याच्या पाठीवर चापट मारली. मग दुसरी. तेव्हा ते रडलं. सुनीता भडाभडा ओकली आणि डोळे उघडून आईला हाक मारू लागली. मी तिथेच मातीत बसून ढसाढसा रडलो. मी उठायच्या आधी आईनेच खिडकीतलं पोतं उपसून फेकलं.

पोरगं चालायला लागल्यावर त्याला कुरुंद्याला नेलं. शेगडीची गोष्ट ऐकून अम्मीने त्याला मांडीवर घेतलं. भिंतीवर युनूसचा वर्दीतला फोटो होता. तिने पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

मग म्हणाली, "इसके घर की खिडकी खुल्ली रखते ना बेटा?"

"रखते, अम्मी."