अर्फजचं फूल

वाळवंटातलं झाड पाणी पाजून मारणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये मीच असेन. अर्फज म्हणजे इथल्या वाळूत आपोआप उगवणारं, गुडघाभर उंचीचं, पिवळ्या फुलांचं झुडूप. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, पाणी अगदी बेतानं घाला. पण सकाळी अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. तुळशीला पाजायचं आणि तिच्या शेजारच्याला कोरडं ठेवायचं, हे काही मनाला पटेना. पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, तहान लागली असणार. मग संध्याकाळीही तांब्या सुरू केला.

मुलीनं झुडूप उपटून पाहिलं. मुळं कुजली होती. "बाबा, यू ड्राउन्ड अ डेझर्ट प्लांट," एवढंच म्हणून ती आत गेली.

बायकोनं ते झुडूप उचलून कचऱ्यात टाकलं आणि तेच जास्त लागलं. झुडूप तिच्यासाठी होतं. रिफायनरीतल्या नोकरीमुळे अहमदीत अंगण असलेलं घर मिळालं, तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, पूजेला फूल अंगणातलं हवं. मी दरवर्षी हौसेनं जास्वंद, मोगरा, तगर आणायचो. उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला नाशिकला जायचो आणि परत येऊन मी त्यांच्या वाळलेल्या काटक्या गोळा करायचो. शेवटी तीच म्हणाली होती, "अहो, पाहुणे पुरेत आता. इथलंच काहीतरी लावा."

पुन्हा नर्सरीत गेलो. या खेपेला तीही आली, बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला. मी सिद्र दाखवला. आपल्या बोरीचा चुलतभाऊच. सावली देईल, बोरंही येतील.

"दारात काटे नकोत."

"अशुभ असतात, असं आई म्हणायची म्हणून?"

"धुणं वाळत घालताना ओढणी अडकते म्हणून."

तेव्हा सिद्र गेला कुंपणाच्या कोपऱ्यात आणि नवा अर्फज पायरीजवळ. दोघांच्याही पाण्याचं खातं माझ्याकडून काढून घेण्यात आलं.

ऑगस्टमध्ये सुट्टीवरून परतलो तर सिद्र हिरवागार आणि अर्फजचा पार खराटा झालेला. मी उपटायला वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा हात लागला नाही तर जगेल."

हिवाळ्यात दोन-चार सरी पडल्या आणि त्या खराट्यावर पोपटी ठिपके दिसायला लागले. मी आपला खिडकीतूनच बघायचो.

मार्चमधल्या एका सकाळी ती तबकात मूठभर पिवळी फुलं घेऊन आत आली. मला नको तिथे शंका येते.

"अगं, आपल्याकडे हे फूल कुणी वाहत नाही. देवाला चालेल ना?"

तिनं एक फूल गणपतीच्या पायाशी ठेवलं.

"इतकी वर्षं प्लॅस्टिकची जास्वंद चालवून घेतली त्यांनी," ती म्हणाली. "हे तर ताजं आहे."