पट्टीवाल्याचा सभ्य राखाडी

ऑफिसात त्याला सगळे 'पट्टीवाला' म्हणत. नवीन आलेला माणूस हमखास 'पट्टेवाला' ऐकायचा आणि त्याच्या हातात फाइल ठेवून सांगायचा, "ही जरा मॅडमकडे पोचवा." तोही मुकाट्याने पोचवून यायचा. खरं तर अख्ख्या ऑफिसचे सर्व्हर तो सांभाळत होता.

नाव पडलं ते छंदामुळे. त्याचं काम चाले टर्मिनलवर, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून संगणकाला कामाला लावतात, तिथे. त्या खिडकीच्या तळाशी एक बारीक पट्टी असते. आपण कुठल्या मशीनवर आहोत, वाजले किती, असलं काहीबाही ती सांगते. बाकीचे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा मात्र हात धुऊन तिच्या मागे लागला होता. जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उघडत, हा रंगांचा तक्ता उघडी. आज घड्याळाचा रंग बदल, उद्या कडेचा, परवा दोन्ही पुसून पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी त्याला हवा तसा शांत, सभ्य राखाडी सापडला. "वय झालं की भडकपणा शोभत नाही," तो शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंना म्हणाला. बाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "छान आहे हो. पण धाडस लागतं," असं म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला. राखाडीला धाडस कसलं, हे काही त्याला उमगलं नाही.

मग मॅडमनी फर्मान काढलं. मुख्य सर्व्हरची पट्टी लाल ठेवायची आणि सरावाच्या सर्व्हरची हिरवी, म्हणजे गफलत नको. त्याने दोन्ही केल्या, पण डोळ्यांना त्रास नको म्हणून छटा निवडल्या अगदी मळकट. एरवी तो पट्टीवरचं मशीनचं नाव वाचूनच काम करी. एका दुपारी मात्र संगणकाच्या पडद्यावर थेट ऊन आलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. त्याने उठून खिडकीचा पडदा ओढायचा कंटाळा केला आणि नुसत्या रंगाच्या भरवशावर सरावाचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला.

"अरे, गेलं!" पलीकडून आवाज आला.

"माझंही गेलं!"

"चला, चहा!" हा आवाज सगळ्यात आनंदी होता.

बंद झाला होता मुख्य सर्व्हर. तो परत उभा राहीपर्यंत ऑफिस चहाच्या टपरीवर आणि पट्टीवाला मॅडमसमोर.

"एक लाल, एक हिरवी," मॅडम म्हणाल्या. "रंग दिसत नाहीत का तुम्हाला?"

तो तोंड पाडून घरी आला. बायको शिलाई मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. त्याने तिच्या बाजूलाच लॅपटॉप उघडला.

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही गं. पट्टी बदलतोय. सगळीकडे हा आपला साधा राखाडीच लावून टाकतो. कटकट नको."

तिने मान वाकडी करून पाहिलं. मशीन थांबलं. "राखाडी कुठला?"

"हा काय, समोर."

"अहो, हा गुलाबी आहे!"

"चेष्टा नको हं, आज नको."

"चेष्टा कसली? बाहुलीच्या फ्रॉकला लावावा तसला गुलाबी आहे." तिने डब्यातून दोन रिळं काढून त्याच्यापुढे धरली. "यातलं हिरवं कुठलं?"

त्याने बराच विचार करून बोट दाखवलं. ते तपकिरी होतं. ती हसायला लागली आणि मधेच गप्प झाली. लग्न झाल्यापासून तो बाजारातून चुकीच्या रंगाचं रीळ आणत आला होता आणि ती प्रत्येक वेळी म्हणत आली होती, की तुमचं लक्षच नसतं माझ्या कामात.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच तुम्हाला..."

"उगाच कसं? लक्ष नसायचंच तसं," तो म्हणाला. मग दोघंही हसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्याला नुसते ठिपके दिसत. बायको मागून त्यांत लपलेले आकडे सांगे. "बाई, परीक्षा त्यांची आहे," डॉक्टर म्हणाले. त्याला लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नव्हता.

मॅडमना कळलं तेव्हा त्या ओशाळल्या. "अहो, मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते!"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी नवराबायको तक्त्यापुढे बसले. तिने एकेका रंगावर बोट ठेवायचं, त्याने सांगायचं, वेगळा दिसतो की नाही. भांडत भांडत मुख्य सर्व्हरला पिवळा ठरला आणि सरावाच्याला गडद निळा. वर ठळक अक्षरांत नावंही आली. ही रंगसंगती त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. थोड्याच दिवसांत अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले: आम्हीही तुमच्यासारखेच, पट्टी पहिल्यांदाच धड कळली. तो एकेक निरोप बायकोला वाचून दाखवी.

एकाने मात्र लिहिलं, "फार छान, पण यात एक सुंदर लाल घालाल का?"

पट्टीवाल्याने उत्तर धाडलं, "नक्की घालतो. सुंदर कुठला, ते तेवढं घरात विचारून कळवतो."