पॉजच्या बटणावरचे बोट

छापखान्यात त्यांना सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. चौतीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका टिपल्या. हाताला लागलेले वळण घरी आल्यावरही सुटत नाही. निवृत्तीनंतर नवव्या वर्षी मुलीने माळ्यावरचा कॅसेटींचा खोका खाली काढला, तेव्हा त्यांनीच जुन्या टेपरेकॉर्डरचा सैल पट्टा बदलून आणला, हेड स्पिरिटने पुसले आणि वायर लावून तो मुलीच्या संगणकाला जोडला.

मुलीला बाकी कशाशी सोयरसुतक नव्हते. तिला आईचा आवाज हवा होता. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. चेहरा फोटोंत होता, आवाज कुठेच नव्हता. एकतीस कॅसेटींत एखादे वाक्य तरी सापडेलच, असे दोघांनीही गृहीत धरले होते.

साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटे लागतात. तिथे घाई चालत नाही. कित्येक रविवार बापलेक जेवणाच्या टेबलाशी बसली. आजोबांच्या आठवणी उतरल्या, चुलतकाकांचे गाणे उतरले. वडिलांच्या स्वतःच्या निबंधवाचनाच्याच सात कॅसेटी निघाल्या.

“काका किती खोकतात हो, बाबा! गाणं तोंडी लावण्यापुरतं. त्यांना नाही कधी थांबवलंत?”

“मोठ्या माणसाला काय थांबवायचं?”

“आणि आई? ती घरात नसायची का?”

ती घरातच असे. टेपरेकॉर्डरच्या सर्वांत जवळ तीच बसे, कारण बटणे तिच्याकडे होती. ध्वनिमुद्रण निर्दोष व्हावे म्हणून त्यांनी तिला नियम घालून दिला होता: स्वतःला शिंक आली, काही विचारायचे झाले, की आधी पॉजचे बटण दाबायचे, बोलून घ्यायचे, मग बटण सोडायचे. ती कधी चुकली नाही. ‘हिच्या बोटासारखं पक्कं बोट आमच्या छापखान्यातही नाही,’ असे ते चारचौघांत कौतुकाने सांगत, आणि तीही हसे. यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच तर ते कोणाला खटकले नाही. आता त्या प्रत्येक ठिकाणी एक बारीक ‘टक्’ तेवढे ऐकू येत होते.

तीस कॅसेटी संपल्या. एकतिसावीत चार वर्षांची मुलगी कविता म्हणत होती. ‘मुंगीताई, मुंगीताई, ओझं खाली ठेव...’ आणि अडली. टक्. लगेच पुढची ओळ, खणखणीत.

मुलीने ते मागे नेऊन पुन्हा ऐकले. मग पुन्हा.

“इथे आईनं सांगितलं मला.”

“हो.”

“माझ्या कानाशी वाकून सांगितलं असेल. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.” ती त्यांच्याकडे वळली. “बाबा, तुम्ही तर बारा वर्षं ऐकलंत तिला. एकदा म्हणून दाखवा ना. तिच्यासारखं.”

कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर आपल्या नजरेतून चूक निसटली, हे ते आजही घडाघडा सांगत. पण बायकोचा आवाज जाड होता की बारीक, एवढेही त्यांना आठवेना. बारा वर्षे त्यांनी त्या आवाजात फक्त ‘सुरू करू का?’ हा प्रश्न ऐकला होता, आणि तोही अर्ध्या कानाने. तरी त्यांनी घसा साफ केला आणि ती ओळ म्हटली. ऱ्हस्व-दीर्घ अचूक, आवाज त्यांचाच, निबंधवाचनाचा.

“राहू द्या, बाबा.”

“थांब, थांब. असा नव्हता. जरा...”

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले, तरी ते तीच ओळ कधी हळू, कधी वरच्या पट्टीत म्हणून बघत राहिले.