डिमसमची जाणकार

सिंगापूरला मी तीन महिने राहिले, एवढं खरं आहे. परत आल्यावर वर्षभर मी लोकांना जे सांगत फिरले, त्यात खरं किती होतं, ते आता सांगते.

थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. बाराव्या मजल्यावरचं घर. सकाळी बाळाला तेल लावून अंघोळ, मग बहिणीसाठी मिरी-सुंठीचं रसम, मग लंगोट धुऊन बांबूच्या काठीवर घालायचे आणि ती काठी खिडकीबाहेर आडवी अडकवायची. ती अडकवताना खाली जेवढं दिसायचं तेवढं माझं सिंगापूर. एकदाच मेहुण्यांबरोबर भाजी आणायला गेले, तेव्हा वाटेत काचेची मोठी भिंत असलेलं एक चिनी हॉटेल लागलं. आत बायका ढकलगाड्या फिरवत होत्या, गाड्यांवर वेताच्या टोपल्यांची उतरंड, टोपल्यांतून वाफ. मी काचेला नाक लावून उभी राहिले. पाच मिनिटांनी मेहुणे म्हणाले, "चला, आत आपल्याला चालण्यासारखं काही नसतं," आणि आम्ही दुधी घेऊन घरी आलो. त्या खाण्याला डिमसम म्हणतात हे मला परतीच्या विमानात, खुर्चीच्या खिशातल्या मासिकात कळलं. मासिकात त्यावर दीड पान होतं. मी ते चार वेळा वाचलं.

तंजावुरातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते, तिथे या पाच मिनिटांचं आणि दीड पानाचं मी वर्षभर पीक काढलं. स्टाफरूममध्ये कुणी इडलीचा डबा उघडला की मी म्हणायची, "वाफवण्याची कला खरी पाहायची तर डिमसम. पण त्याला सिंगापूरलाच जायला हवं." चहा आला की सांगायची, तिकडे बिनदुधाचा चहा घेतात, आणि कुणी कप भरून दिला तर आभार म्हणून दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात. 'तुम्ही खाल्लंत का?' असं मला थेट कुणी विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलण्याची वेळ आली नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

गावात तेव्हा रोज काहीतरी नवं उघडत होतं. गच्च्यांवर डिशच्या थाळ्या आल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ. तशात स्टेशनजवळ परदेशी पर्यटकांसाठी नवं हॉटेल झालं आणि त्यांनी तळमजल्यावर चिनी जेवणाचं दालन काढलं. आचारी खरा चिनी, पण जन्म कलकत्त्याचा. दर रविवारी सकाळी डिमसम, अशी पाटी लागली. इतके दिवस चीन समुद्रापलीकडे होता म्हणून मी निर्धास्त होते.

त्याच आठवड्यात हेडमिस्ट्रेसनी मला खोलीत बोलावलं. या बाई व्हरांड्यातून चालल्या की दोन्ही बाजूचे वर्ग आपोआप गप्प होत. नवरा तरुणपणी गेलेला, एकुलता एक मुलगा सिंगापूरला नोकरीला. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की रागवायची गरजच पडू नये.

"दार ओढून घ्या, टीचर," त्या म्हणाल्या. आमचं बोलणं अर्थातच तमिळमध्ये. "बसा."

त्यांच्या खोलीत मी प्रथमच बसले.

"माझ्या मुलानं लग्न केलंय," त्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाल्या. "तिथल्याच चिनी मुलीशी. चार महिने झाले. इथे कुणाला ठाऊक नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाणार आहे. तिचे आईवडील मला रविवारी डिमसमला नेणार आहेत. मी शाकाहारी आहे हे त्यांना कळवलंय, ते सांभाळून घेतील. पण कसं बसायचं, कसं खायचं, मला काही माहीत नाही. माझ्या हातून चूक होऊन त्या मुलीला मान खाली घालावी लागू नये. तुम्ही जाणकार आहात. मला शिकवाल?"

माझं अख्खं पितळ उघडं करायला याहून चांगली वेळ नव्हती. बाई एवढ्या विश्वासानं बोलल्या होत्या, की मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला माफच केलं असतं.

मी म्हणाले, "त्यात काय मॅडम, अगदी सोपं असतं." धडा येत्या रविवारी, स्टेशनजवळच्या त्या नव्या हॉटेलातच घ्यायचं ठरलं.

घरी येऊन मी नारळाच्या झाडूच्या दोन काड्या तोडल्या, धुतल्या आणि रोज दुपारी त्यांनी उकडलेले हरभरे उचलायचा सराव सुरू केला. आठवडाभरात माझी मजल सातांपैकी एका हरभऱ्यापर्यंत गेली. नवऱ्याला रविवारी बरोबर चला म्हटलं, तर त्याला पापनाशमच्या मावसभावाची अचानक आठवण झाली. तयार झाल्या त्या सासूबाई. जन्मात हॉटेलची पायरी न चढलेल्या.

"सगळं उकडलेलंच असते ना?" त्यांनी विचारलं.

"हो, अम्मा."

"मग चला. उकडलेल्यास दोष नाही." सासूबाईंची मराठी राजवाड्यामागच्या गल्लीतली, जुन्या वळणाची, आणि त्यांचे धर्मनियमही त्यांनी स्वतः घडवलेले. "मोडक्या हाडांची मी. आता नाही पाहिलं तर केव्हा पाहू?"

रविवारी दहाला आम्ही तिघी त्या थंडगार दालनात गोल टेबलापाशी बसलो. हेडमिस्ट्रेसनी छोटी वही आणली होती. पेनाचं टोपण काढून त्या तयार बसल्या.

पहिला धडा चहाचा. मी त्यांचा कप भरला आणि म्हणाले, "आता दोन बोटं, मॅडम." त्यांनी टकटक केलं. वाढपी धावत आला. "काय हवं, अम्मा?" काही नको. मी पुन्हा चहा ओतला, पुन्हा टकटक, पुन्हा वाढपी हजर. तिसऱ्या वेळी तो बिचारा आमच्या टेबलाशेजारीच उभा राहिला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग गाडी आली. शाकाहारी टोपल्या वेगळ्या भांड्यात उकडल्यात, हे मी आधीच दोनदा विचारून घेतलं होतं. पहिल्या टोपलीत पारदर्शक आवरणाचे, भाजीचं सारण भरलेले चार नग होते. सासूबाई वाकून पाहू लागल्या.

"हे तर मोदक," त्या मला म्हणाल्या. "कळ्या बऱ्या घेतल्यात. मेल्यानं तेरा घेतल्यात, मी अकराच घेते."

मी चॉपस्टिक्स उचलल्या. हरभऱ्याची गोष्ट वेगळी होती, हरभरा गुळगुळीत नसतो. मोदक सटकला, बशीवरून घरंगळत जाऊन हेडमिस्ट्रेसच्या चहात पडला.

"असंही करतात का?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"कधीकधी," मी म्हणाले.

दुसऱ्या टोपलीत पांढरेशुभ्र, फुगलेले पाव आले, आत गोड सारण. हे हातानं खायचे असतात, असं मासिकात होतं, त्यामुळे मला हुरूप आला. मी एक उचलला आणि ऐटीत मोठा घास घेतला. वरचा भाग कापसासारखा. खालचा मात्र चिवट, दातांना दाद देईना. मी चेहऱ्यावर काही दिसू न देता चावत राहिले. हेडमिस्ट्रेस माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी तसाच घास घेतला आणि त्याही चावू लागल्या.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या बुडास..."

"अम्मा, हे असंच खातात," मी त्यांना मराठीत दटावलं.

त्या आपल्या बशीकडे वळल्या. हेडमिस्ट्रेसनी एक संपवला आणि माझ्याकडे पाहत दुसरा घेतला. मीही घेतला. गुरूनं मागे कसं राहायचं?

दुसरा संपत होता तेव्हा आचारी स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, ठेंगणा, डोक्यावर पांढरी टोपी. गावचे लोक पहिल्यांदाच डिमसमला आले म्हणून त्याला आनंद झाला असावा. त्याला हिंदी येत होती, तमिळ नाही. आमच्या तिघींत हिंदी फक्त मला, कारण लहानपणी वडिलांनी बळेच हिंदीच्या परीक्षांना बसवलं होतं. त्यानं हसत टेबलावर नजर टाकली आणि त्याचं हसू थांबलं.

"बहनजी," तो मला म्हणाला, "बाओ के नीचे का काग़ज़ किधर गया?"

वाफवताना पाव टोपलीला चिकटू नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाला कागद लावलेला असतो. हे मासिकात नव्हतं.

"काय विचारताहेत?" हेडमिस्ट्रेसनी विचारलं.

"आवडलं का म्हणून विचारताहेत."

"फार छान झालंय म्हणा. फक्त खालची साल थोडी जाड वाटली. पण चवीला चांगली आहे."

मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम कहती हैं, बहुत अच्छा है।"

"लेकिन काग़ज़?"

"आता काय म्हणतात?"

"आणखी आणू का, म्हणताहेत."

त्याला वाटलं, माझी हिंदी कच्ची आहे. त्यानं आमच्या बश्या उचलून पाहिल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि शेवटी सगळ्या जगाला समजेल असा शब्द शोधून मोठ्यानं म्हणाला, "पेपर, माँ! पेपर! पेपर किधर?"

हेडमिस्ट्रेसचं चावणं थांबलं.

सासूबाईंनी आपल्या बशीच्या काठाखालून कागदाचा एक चौकोन काढला. नीट सोललेला, चार घड्या घातलेला. तो त्यांनी आचाऱ्यापुढे धरला. त्यानं तो घेतला, मग आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि कागद कुठे गेले हे त्याला कळलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

हेडमिस्ट्रेसनी तोंडातलं रुमालात काढलं आणि रुमाल मिटून पर्समध्ये ठेवला.

"टीचर," त्या म्हणाल्या, "सिंगापूरला तुम्ही हे किती वेळा खाल्लंत?"

"एकदाही नाही, मॅडम."

"मग?"

"काचेतून पाहिलं. पाच मिनिटं." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. लंगोट, बांबूची काठी, दुधी, विमानातलं मासिक. मी बशीकडे बघून बोलत होते. आयुष्यात इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती, कारण ही बाई इथे मिरवायला आली नव्हती. तिला एका अनोळखी घरात आपल्या सुनेची लाज राखायची होती, आणि मी तिला कागद खाऊ घातला होता. तोही दोनदा.

मध्ये सासूबाई बोलल्या, तमिळमध्ये. "अहो, हिला फार बोलू नका. पंधरा वर्षं मी हिच्या हातचं जेवते. कागदानं काही होत नाही."

हेडमिस्ट्रेसच्या ओठांची एक कड हलली. मग त्या खांदे गदगदा हलवत, आवाज न करता हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत कुणी पाहिलं नसावं. चष्मा पुसून त्यांनी वहीचं लिहिलेलं पान फाडलं.

"यांना विचारा, मला पहिल्यापासून शिकवतील का. आणि टीचर, या वेळी ते जे म्हणतील तेच सांगा."

मी विचारलं, कशासाठी शिकायचंय तेही मॅडमच्या परवानगीनं सांगितलं. आचाऱ्यानं खुर्ची ओढली आणि तो आमच्यात बसला. चॉपस्टिक्स कुठे धरायच्या, त्यानं दाखवलं. जमलं नाही तर चमचा मागायचा, त्यात कमीपणा नाही, म्हणाला. आधी दुसऱ्याचा कप भरायचा, मग आपला. वडीलधाऱ्या माणसाच्या बशीत पहिला नग आपण ठेवायचा. बोटांनी टकटक करतात हे खरं आहे, पण इतक्या जोरात नाही. बाकी कुणी काही म्हणणार नाही. "मुलीची सासू इतक्या लांबून शिकून आली, एवढं त्यांना कळलं की पुरे," तो म्हणाला. हे वाक्य मी तमिळमध्ये जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाईंना मात्र कळ्यांत रस. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं आतून पारीचं पीठ मागवलं. टेबलावर दोघांनी एकेक मोदक वळला, भाषेवाचून. मीही एक वळला. तो पाहून आचाऱ्यानं सासूबाईंकडे पाहिलं आणि सासूबाईंनी मान हलवली. भाषांतराची गरज पडली नाही.

पुढचे चार रविवार हेडमिस्ट्रेस आणि सासूबाई तिथे गेल्या. एकदा तर मला न विचारताच. आचाऱ्याला तोवर कामापुरती तमिळ आली होती, दुभाष्याची जरूर संपली होती. मी घरी बसून उत्तरपत्रिका तपासल्या आणि मनातल्या मनात दोघींवर रुसले.

बाई उन्हाळ्यात गेल्या, जूनमध्ये परतल्या. तोवर चिनी दालन बंद पडलं होतं. पर्यटकांना इडली-डोसाच हवा असायचा आणि गावकऱ्यांना एसीत बसून रोटी-पनीर. आचारी मद्रासला गेला. शाळा उघडली त्या दिवशी बाई स्वतः स्टाफरूममध्ये आल्या, कपाटाला टेकून उभ्या राहिल्या आणि सून चिनी आहे हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. फोटो फिरवला. विहीणबाई कमी बोलतात, व्याही फार बोलतात, आणि आपण त्यांच्या बशीत पहिला मोदक ठेवला तेव्हा व्याह्यांनी टाळी वाजवली, म्हणाल्या. मग गणिताच्या टीचरनी, काहीतरी विचारायला हवं म्हणून, विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला त्यांचे हे रिवाज कुणी शिकवले?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्या भूगोलाच्या टीचरनी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगायची ती दुसरी संधी होती. मी पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हणाले, "त्यात काय, मॅडम."